एकही तक्रार नाही

"कागदावर तक्रारीचा नंबर लिहा, तो कागद पाकिटाशेजारी ठेवा आणि दोन्ही एकत्र दिसतील असा फोटो पाठवा," असं मी टाइप केलं आणि मेथीची दुसरी जुडी पुढ्यात ओढली.

सकाळचे अकरा वाजले असतील. कोल्हापुरातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि समोर आई लसूण सोलत बसली होती.

"आता कुणाचं काय बिनसलं?" आईने विचारलं.

"एक गिऱ्हाईक आहे. पार्सल उघडलं तर आत नुसती रद्दी निघाली म्हणतोय."

"मग दे की त्याचे पैसे परत. उगं का छळतीस गरिबाला?"

"फोटो बघितल्याशिवाय कसे देणार?"

"लई कडक हायस बाई तू," आई म्हणाली. तिला माझा अभिमान वाटत होता, हे तिच्या लसणावरच्या सुरीलाही कळलं असतं.

आईची समजूत अशी की मी एका ऑनलाइन दुकानाच्या तक्रारी बघते. समजूत अगदीच चुकीची नव्हती. दुकान होतं, तक्रारी होत्या आणि मी त्या बघत होते. फक्त ते दुकान साध्या ब्राउझरमधून दिसत नव्हतं. डार्क वेब हा शब्द तेव्हा पेपरात अधूनमधून यायचा आणि आई ते पान उलटून राशिभविष्याकडे जायची. मला तरी सुरुवातीला कुठे माहीत होतं! पुण्यातली कॉल सेंटरची नोकरी सुटली, इंटरनेटवर घरबसल्या कामाची जाहिरात दिसली, मी अर्ज केला. महिन्याभरात सगळं लक्षात आलं. लक्षात आल्यावरही मी तिथे दीड वर्ष राहिले. हे मी कुणावर ढकलू शकत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

त्या बाजाराचं नाव सांगत नाही. आम्ही त्याला नुसतं पेठ म्हणायचो. पेठेत देशातल्या देशात टपालाने जाणारा माल विकला जायचा, बहुतेक सगळा बेकायदा. विकणारा कोण हे घेणाऱ्याला ठाऊक नाही, घेणारा कोण हे विकणाऱ्याला ठाऊक नाही, मग विश्वास ठेवायचा कुणी कुणावर? त्यासाठी पेठ मधे उभी. घेणाऱ्याचे पैसे पेठ धरून ठेवायची. माल पोचला की घेणाऱ्याने 'मिळालं' हे बटण दाबायचं, मग पैसे विकणाऱ्याकडे जायचे. माल खराब निघाला तर चौदा दिवसांच्या आत तक्रार करायची. तक्रार आली की दोघांचं ऐकून निवाडा द्यायला पंच. मी पंच क्रमांक तीन. एक आणि दोन कोण होते, मला कधीच कळलं नाही.

आणि समजा घेणाऱ्याने बटणही दाबलं नाही आणि तक्रारही केली नाही, तर? तर पंधराव्या दिवशी व्यवहार आपोआप पूर्ण व्हायचा. माणूस काही बोलत नाही म्हणजे त्याचं काही म्हणणं नाही, असं पेठ धरून चालायची. हा नियम मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला होता.

घरात माझं कोणी ऐकत नव्हतं. लग्न मोडून परत आलेली, तिशी उलटलेली मुलगी, तिचं कोण ऐकणार? पेठेत मात्र चोरटे आणि त्यांची गिऱ्हाइकं माझा शब्द खाली पडू देत नसत. त्याची मला चटक लागली होती.

फोटो आला. रद्दीची तक्रार करणाऱ्या त्या गिऱ्हाइकाचं पेठेतलं नाव होतं डायलटोन. टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड, त्यावर फाडलेलं पाकीट, वर्तमानपत्राच्या घड्या आणि एका कागदावर तक्रारीचा नंबर. काय अक्षर होतं! जुन्या सरकारी रजिस्टरात असतं तसं, ताठ आणि टपोरं. मी त्याच्या बाजूने निवाडा दिला. निवाड्यानंतर फोटो पुसून टाकायचा असा नियम होता. ते अक्षर पुन्हा बघावंसं वाटलं म्हणून मी तो ठेवून दिला.

त्याचं उत्तर आलं, तेही एखाद्या अर्जासारखं: "आपण त्वरित न्याय दिल्याबद्दल आभारी आहे. गोळ्या माझ्या पत्नीसाठी हव्या होत्या. तिला हाडांचा कॅन्सर असून वेदना सहन होत नाहीत. इथल्या डॉक्टरांकडे त्या वेदनेवरचं औषध ठेवण्याचा परवाना नाही. तरी आपण एखादा प्रामाणिक विक्रेता सुचवाल काय?"

पंचाने कुणाचं नाव सुचवायचं नाही, हा पेठेचा पहिला नियम. पण त्या दिवशी मला देवपण चढलं होतं. मी लिहिलं: "शेवंतीकडून घ्या. चार महिन्यांत त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही."

हे खरंच होतं. शेवंती नावाचा तो विक्रेता दुखण्यावरच्या आणि झोपेच्या गोळ्या विकायचा. माल लग्नपत्रिकेत लपवून पाठवायचा; पाकिटाच्या कोपऱ्यांना हळद लावलेली, त्यामुळे टपालात कुणी ते उघडून बघत नसे. मला त्याची हुशारी आवडली होती. पहिल्या पानावर त्याचं नाव वर घेऊन त्यापुढे 'विश्वासू' अशी खूण करण्याची शिफारस मीच केली होती.

दोन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, मुकादमाचा निरोप आला. मुकादम म्हणजे पेठेचा मालक, किंवा मालकाचा माणूस, किंवा मालकीण; आवाज कधी ऐकला नाही. निरोप नेहमीचाच होता. पहिल्या पानासाठी विक्रेत्यांची नवी यादी कर.

मी आकडे काढायला बसले. प्रत्येक विक्रेत्यासमोर किती व्यवहार, किती तक्रारी, कितीजणांनी 'मिळालं' दाबलं. निम्मीशिम्मी माणसं बटण दाबतात, काही कौतुक लिहितात, काही शिव्या घालतात, बाकीची विसरतात. सगळ्यांचं तसंच होतं. शेवंतीच्या ओळीवर मात्र माझा हात थांबला.

तेवीस व्यवहार पूर्ण. तक्रारी शून्य. 'मिळालं' दाबणारे, शून्य. कौतुक शून्य. तेवीसच्या तेवीस व्यवहार पंधराव्या दिवशी आपोआप पूर्ण झालेले.

मला आधी वाटलं, आकड्यांत काहीतरी घोटाळा आहे. म्हणून मी त्या तेवीस गिऱ्हाइकांची खाती एकेक करून उघडली. प्रत्येकाने शेवटचं लॉगिन कधी केलं ते पेठेत दिसायचं. कुणी पाकीट पोचायच्या आदल्या दिवशी येऊन गेलेलं, कुणी त्याच दिवशी. त्यानंतर एकही जण आला नव्हता. दुखण्याचं औषध घेणारा माणूस महिन्याभरात पुन्हा येतोच. यांच्यातला एकही पुन्हा आला नव्हता.

"काय गं, वारं गेल्यागत का बसलीस?" आईने विचारलं.

"काही नाही. हिशेब लागत नाहीये," मी म्हटलं.

मी मुकादमाला लिहिलं. त्याचं उत्तर लगेच आलं: "खोटी खाती असतील. नाव व्हावं म्हणून विक्रेते स्वतःच्याच मालाचे गिऱ्हाईक बनतात. नेहमीचं आहे."

मला हायसं वाटलं. पाच मिनिटं वाटलं. मग मनात आलं, नाव व्हावं म्हणून कोणी खोटी गिऱ्हाइकं उभी केली, तर ती कौतुक लिहितील ना? कौतुक लिहून घ्यायलाच तर ती उभी करायची. तोंड मिटून बसणारी तेवीस खोटी माणसं कोण कशाला तयार करेल?

आणि त्या तेवीसातले सहाजण माझ्या ओळखीचे होते. म्हणजे त्यांच्या तक्रारी मी पूर्वी निकालात काढल्या होत्या. त्यातला एक तर माझी डोकेदुखी होता. माल चांगला मिळाला तरी पाकिटाची चिकटपट्टी तिरकी लावली म्हणून तक्रार करायचा. निवाडा दिला की निवाड्याविरुद्ध तक्रार करायचा. त्याने फाल्गुनात शेवंतीकडून गोळ्या घेतल्या होत्या. त्यानंतर तो गप्प होता. असला माणूस कशाने गप्प होईल, याचं एकच उत्तर मला सुचलं, तेही भर दुपारी, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असताना.

मग मी शेवंतीचे चालू व्यवहार उघडले. एकच होता. गिऱ्हाईक: डायलटोन. माल चार दिवसांपूर्वी रवाना.

मी त्याला निरोप पाठवला: "पाकीट आलं तर उघडू नका. गोळी कुणीही घेऊ नका. आधी मला उत्तर द्या." पण डायलटोन फक्त गुरुवारी लॉगिन करायचा. आज सोमवार होता.

मुकादमाला पुन्हा लिहिलं: "डायलटोनचा पत्ता हवा आहे. जिवाचा प्रश्न आहे."

"पत्ता फक्त विक्रेत्याला कळतो आणि माल निघाला की पुसला जातो. तुला माहीत आहे."

"मग शेवंतीला विचारा."

"कशाबद्दल? तक्रार आली आहे का?"

"तक्रार करायला माणूस जिवंत तर हवा!"

 उत्तर आलं: "तक्रार नसेल तर आपल्याला काम नाही. यादी संध्याकाळपर्यंत दे. शेवंतीला वर ठेव."

मी यादी दिली नाही. मी तो फोटो उघडला.

आधी मी फक्त अक्षर बघितलं होतं. आता बाकीचं बघितलं. मेणकापडाच्या मागे भिंत, भिंतीवर अर्धं कॅलेंडर: 'नागरी सहकारी पतसंस्था, देवगड'. त्याच्या बाजूला खिडकी आणि खिडकीतून दिसणारा लाल-पांढरा टेलिफोनचा मनोरा, इतका जवळ की त्याचं टोक फोटोत मावलं नव्हतं. टेबलाच्या कडेला बदामी रंगाचा जुना फोन. नाव डायलटोन, म्हणजे फोन उचलल्यावर ऐकू येणारा आवाज, आणि अक्षर जुन्या सरकारी नोकराचं. पाकीट रिकामं आहे हे दाखवायच्या भरात त्याने सगळं घर दाखवलं होतं.

मंगळवारी सकाळी सहाची देवगड एसटी पकडली. आईला सांगितलं, मैत्रिणीची आई आजारी आहे. "कुठली मैत्रीण?" असं ती विचारेपर्यंत मी चपला घालून बाहेर पडले होते. फोंडा घाट उतरताना गाडीतली निम्मी माणसं पेंगत होती. मी मोबाइलवर सारखी बघत होते. डायलटोनने निरोप वाचला नव्हता. शेवंतीने व्यवहारापुढे 'पोचला असावा' अशी नोंद केली होती.

देवगडच्या स्टँडवर रिक्षावाल्याला म्हटलं, "टेलिफोनमध्ये होते, आता निवृत्त झालेत. मनोऱ्याच्या जवळ घर आहे. बायको आजारी असते."

"वायंगणकर," तो चटकन म्हणाला. "टावराखाली रवतत ते. बसा. पावणी काय तुमी त्यांची?"

"हो."

"बरां झालां इलात. दोन दिस झाले, भायर दिसाक नाय म्हातारो."

पुढचा रस्ता मला आठवत नाही.

मनोऱ्याखाली चिऱ्याचं घर होतं. पुढच्या पडवीत कुणी नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी कडी वाजवली. आतून काही आवाज आला नाही. पुन्हा वाजवली. मनोऱ्याची तेवढी घुमघुम चालली होती. मी दार ढकललं आणि तेच मेणकापड समोर दिसलं, तीच फुलं. बदामी फोनच्या मागे एक लग्नपत्रिका टेकवून ठेवली होती. कोपऱ्यांना हळद होती.

"कोण पाहिजे?"

मी दचकून मागे वळले. परसाकडच्या दारात पंचाहत्तरीचा, उंच, बारीक माणूस उभा होता. पांढरा सदरा, खिशाला पेन. हातात ओल्या कपड्यांची बादली होती. मला रडूच आलं. अनोळखी माणूस धुणं धुतोय हे बघून मी रडले, असं आयुष्यात एकदाच झालं.

"डायलटोन?" मी विचारलं.

त्यांनी बादली खाली ठेवली. चेहरा पांढराफटक पडला. आतल्या खोलीकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही पोलीस आहात का? मला न्या. पण तिला सांभाळायला कोणीतरी आधी..."

"मी पोलीस नाही हो, काका. मी पंच. पंच तीन."

 "बाई आहात तुम्ही?" एवढंच म्हणाले. मग त्यांनी मला खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या दिला आणि समोर स्टुलावर ताठ बसले, साहेबापुढे बसतात तसे.

"गोळ्या घेतल्या का कुणी?" मी पत्रिकेकडे बोट दाखवलं.

"शनिवारीच आल्या. नाही, अजून नाही." त्यांनी पत्रिका उचलली. "पस्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली. नवी लाइन ग्राहकाला जोडून द्यायच्या आधी आम्ही स्वतः कानाला लावून ऐकायचो. तसंच ठरवलं होतं. आधी मी घ्यायची, रात्रभर बघायचं, मग हिला द्यायची. पण हिला सांभाळायला शेजारच्या सुनंदावहिनी असतात, त्या माहेरी गेल्यात. मला गुंगी आली तर हिला पाणी कोण देणार? म्हणून थांबलो. त्या आज दुपारी यायच्यात. जेवण झालं की घेणार होतो."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. ओट्यावर भात शिजून तयार होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. तेवीस व्यवहार, शून्य तक्रारी, तिरक्या चिकटपट्टीवाला.  ते पत्रिका हातात उलटीसुलटी करत राहिले. शेवटी ती उघडून माझ्यापुढे धरली. आत वधूवरांची नावं होती, मुहूर्त होता, आठ वर्षांपूर्वीची तारीख होती. खरीच पत्रिका होती ती, कुणाच्या तरी लग्नाची. दोन पानांच्या मधे चंदेरी कागदात दहा पांढऱ्या गोळ्या आणि एक वाळलेली शेवंतीची पाकळी.

"ही पाकळी मला शनिवारपासून आवडत नव्हती," ते म्हणाले.

आतून कण्हण्याचा आवाज आला. मोठा नाही, माणूस कण्हायचंही दमलं की येतो तसा. ते उठले, आत गेले, काहीतरी पुटपुटले, परत आले.

"तुमचं सगळं खरं असेल," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पण मग आज हिला काय देऊ? सांगा ना! तुम्ही कोल्हापूरहून आलात, मला वाचवलंत, उपकार झाले. हिला काय देऊ?"

 दीड वर्ष मी असल्या गोळ्यांचे निवाडे देत होते आणि त्या गोळ्या रीतसर कुठे मिळतात, हे एकदाही शोधलं नव्हतं. माझी सुरेखामावशी मिरजेला नर्स होती. मी तिथेच पडवीत जाऊन तिला फोन लावला. ती आधी माझ्यावर खेकसली, मग म्हणाली, "अगं, आमच्याकडे वेदनेचा वेगळा विभाग आहे. परवाना आहे, औषध आहे. कागद घेऊन येऊ देत. गाडी मी इथून पाठवते. आणि त्यांना आजवर कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"अगं, पाच तासांवर आहे की!" मावशी म्हणाली.

मी आत येऊन हे सांगितलं तेव्हा वायंगणकर काकांनी डोळे पुसले नाहीत. नुसते वाहू दिले. मग खिशातलं पेन काढून कागदावर मिरजेचा पत्ता लिहून घेतला, त्या ताठ टपोऱ्या अक्षरात.

"काका, गाडी येईपर्यंत एक काम करायचंय," मी म्हटलं. "त्याला पहिल्या पानावर मीच बसवलंय. तिथून खाली खेचायला एक तक्रार पुरेशी आहे. पण ती घेणाऱ्यानेच करायला हवी. आजपर्यंत जे करू शकले असते ते..."

"कळलं," ते म्हणाले आणि टेबलावरचा कॉम्प्युटर चालू केला.

त्यांनी तक्रार मराठीत लिहिली. मी म्हटलं, विक्रेत्याला कळायला हवी, इंग्रजीत लिहा, ते म्हणाले, तक्रार मला मराठीतच जमते. 'विषय: सदोष मालाबाबत. महोदय, आपणाकडून दिनांक अमुक रोजी प्राप्त झालेल्या गोळ्यांबाबत मी समाधानी नाही. सबब व्यवहार रद्द करावा.' दुसऱ्या कुठल्याही वेळी मला हसू आलं असतं. त्यांनी बटण दाबलं. शेवंतीच्या नावासमोरचं शून्य जाऊन तिथे एक आला. मी पंच या नात्याने त्याच मिनिटाला त्याची विक्री गोठवली आणि 'विश्वासू' ही खूण काढून टाकली. माझा तो शेवटचा निवाडा.

पुढचं आधीच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी मावशीच्या नवऱ्यासोबत मी सायबर पोलिसांकडे गेले. पत्रिका, गोळ्या, माझा लॅपटॉप, सगळं दिलं. त्या गोळ्यांत काय होतं ते तपासात निघालं. ते इथे लिहीत नाही. माझी खूप चौकशी झाली, कोर्टाच्या पायऱ्या दोन वर्षं झिजवल्या, आईने सहा महिने अबोला धरला. पेठ आठवड्याभरात बंद झाली. मुकादम धरून ठेवलेले सगळे पैसे घेऊन नाहीसा झाला. शेवंती सापडला नाही. काकू मिरजेला अकरा आठवडे जगल्या. शेवटपर्यंत त्यांना शांत झोप लागत होती, असं मावशी सांगते. काका दर दिवाळीला पत्र पाठवायचे. गेल्या दिवाळीला आलं नाही, तेव्हा मी लगेच फोन केला. सुनंदावहिनी म्हणाल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, लिहिता येत नाही. मी बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसले होते.

त्या दुपारचं एवढंच राहिलं. तक्रार गेली होती. मिरजेची गाडी निघाल्याचा मावशीचा फोन येऊन गेला होता. काकांनी मला भात वाढला, मी दोन घास खाल्ले. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि काकू जाग्या होत्या. विक्रेत्याला उत्तर द्यायला तीन दिवसांची मुदत असायची. मी म्हटलं, हा उत्तर देणार नाही.

अकरा मिनिटांत आलं. कॉम्प्युटरने टिंग केलं. आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. चार महिन्यांत त्या माणसाने कुणालाही एक अक्षर लिहिलं नव्हतं. उत्तर मराठीत होतं. शुद्धलेखनाची चूक नाही, खाली नाव नाही. एकच ओळ होती आणि काकांनी ती सवयीने मोठ्याने वाचली.

"तुम्ही अजून आहात?"

 मनोऱ्याची घुमघुम ऐकू येत होती. पडद्यावर त्या ओळीखाली तीन ठिपके लुकलुकायला लागले, म्हणजे तो पुढचं काही लिहीत होता.

"अहो," आतून काकूंचा बारीक आवाज आला, "कोण इचारता?"

काकांनी खाली वाकून भिंतीतली वायर उपटली. पडदा काळा झाला.

"कोण नाय गो," ते म्हणाले. "राँग नंबर."